बिरवाडी ते परळ : लाल विंचवाच्या उताऱ्याची गोष्ट

महाडहून भोरकडे निघालं की वरंध घाट चढण्याआधी बिरवाडी लागते. आज या भागाची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे आहे. १९७६ साली ती भातखाचरांच्या आणि दगडी बांधांच्या मुलखातली एक साधी वस्ती होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून नुकतेच एमबीबीएस झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर त्या वर्षी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. कोकण त्यांना नवं होतं, आणि कोकणातला लाल विंचूही.

विंचू चावला म्हणून आणलेली माणसं त्यांच्यासमोर मरू लागली. आधी दरदरून घाम, उलट्या, तोंडातून लाळ. मग हातपाय बर्फासारखे गार. काही तासांनी धाप लागायची आणि तोंडातून गुलाबी फेस यायचा. यात लहान मुलं फार. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत विंचूदंशाला तेव्हा फारशी जागा नव्हती. जी होती ती वेदनाशामकं आणि धीर देणं यांपुरती.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या आरोग्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात या रुग्णांच्या खाटांपासूनच करावी लागते. मुंबईच्या परळमधली हाफकिन संस्था ही राज्याची जुनी, नावाजलेली प्रयोगशाळा. सावित्री नदीच्या खोऱ्यातला रुग्ण आणि ती प्रयोगशाळा यांच्यात दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर होतं. लाल विंचवाच्या उताऱ्याचा इतिहास म्हणजे हे अंतर दोन्ही बाजूंनी कसं कापलं गेलं याचा इतिहास.

विंचवाची भीती या भागाला नवी नव्हती. उन्हाळ्यात घर शाकारताना, सरपण रचताना, शेणी काढताना, आणि पावसाळा सरल्यावर भातकापणीच्या नि झोडणीच्या दिवसांत पेंढ्यात हात घालताना दंश ठरलेला. अनवाणी पाय, कुडाच्या भिंती आणि रात्रीचा अंधार यांमुळे धोका आणखी वाढायचा. चावला की माणूस आधी गावातल्या विंचू उतरवणाऱ्याकडे जायचा. मंत्र, अंगारा, झाडपाला, दंशाच्या वर करकचून बांधलेली दोरी असे उपाय चालायचे. संत एकनाथांनी भारुडासाठी विंचवाचा दंश निवडला, त्यामागे मराठी मुलखात घरोघरी ओळखीची असलेली ही कळ होती.

ही प्रथा इतकी टिकली, कारण बहुतेक वेळा ती यशस्वी झाल्यासारखी दिसायची. आपल्याकडच्या बहुतेक जातींच्या विंचवांचा दंश ठणकतो, पण जीव घेत नाही. काही तासांनी कळ आपोआप ओसरते. त्याचं श्रेय मंत्राला मिळायचं. लाल विंचवाच्या बाबतीत हाच समज घातक ठरे. दंशाची जागा शांत झाली म्हणून घरचे निर्धास्त व्हायचे, आणि त्याच वेळी विष हृदयावर आपलं काम करत असायचं.

लाल विंचवाचं शास्त्रीय नाव मेसोब्यूथस टॅम्युलस. आता त्याला हॉटेनटोटा टॅम्युलस असंही म्हणतात. त्याचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. त्यामुळे शरीरात अॅड्रिनालिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदयावर असह्य ओझं पडतं आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचतं. गुलाबी फेस येतो तो याच पाण्यामुळे.

हे चित्र तुकड्यातुकड्यांनी उलगडलं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९६१ साली डॉ. मुंडले यांनी विंचूदंशावर लिहिलं होतं. इस्रायलमध्ये मोशे गुएरॉन यांनी १९७० च्या सुमारास तिथल्या विंचवांचा हृदयावर होणारा परिणाम नोंदवला. १९७८ साली हाफकिनमधले डॉ. बी. बी. गायतोंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत साचणाऱ्या पाण्याकडे लक्ष वेधलं. बिरवाडीचा सरकारी डॉक्टरही याच रांगेत उभा होता. १९७७ साली ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये विंचूदंश आणि हृदयाच्या गुंतागुंतीवर बावस्करांचं टिपण छापून आलं.

बावस्करांची प्रयोगशाळा म्हणजे रुग्णाची खाट. मुख्य साधनं म्हणजे स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र, घड्याळ आणि वही. दंश किती वाजता झाला, उलटी कधी झाली, नाडी कधी वाढली, हातपाय कधी गार पडले, हे सारं तासातासानं लिहून ठेवायचं. या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. उलटी, घाम, लाळ, गार पडलेले हातपाय, आणि पुरुषांत व मुलग्यांत लिंगाची ताठरता, ही हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची आगाऊ सूचना होती. ६ मार्च १९८२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ही लक्षणं प्रसिद्ध झाली. ही सूचना ओळखायला कोणतंही यंत्र लागत नव्हतं. म्हणूनच दुसऱ्या कोणत्याही खेडेगावातल्या डॉक्टरला ती वापरता येणार होती.

ओळखता आलं, पण वाचवायचं कसं? बावस्कर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एमडी झाले आणि शहरात न थांबता पुन्हा याच भागात परतले. आता ते पोलादपूरला होते. एका अंगाला महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट, दुसऱ्या अंगाला खेडकडे उतरणारा कशेडी. गावोगावचे दंशाचे रुग्ण तिथे येत. रक्तवाहिन्या आवळणं हे मूळ दुखणं असेल तर त्या सैल करणारं औषध हवं, हा विचार पक्का झाला. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचं औषध परिणामकारक होतं, पण त्याचा प्रत्येक थेंब मोजून द्यावा लागतो आणि रुग्णावर क्षणोक्षणी लक्ष ठेवावं लागतं. ग्रामीण दवाखान्यात हे रोजचं होणं कठीण.

उत्तर सापडलं ते एका साध्या गोळीत. प्राझोसिन हे उच्च रक्तदाबावरचं औषध. विषामुळे उसळलेली द्रव्यं रक्तवाहिन्यांवर जिथे जाऊन बसतात, त्याच अल्फा ग्राहकांवर ते आधी जागा अडवतं. तोंडावाटे देता येतं, स्वस्त आहे, शीतपेटी लागत नाही. मुलांना वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम द्यायचं. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून रुग्णाला आडवं ठेवायचं. १९८६ साली हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याचा प्राझोसिनवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. तोवर सर्रास दिलं जाणारं अॅट्रोपिन उलट धोक्याचं आहे, हेही त्यांनी पुढे दाखवून दिलं.

बावस्करांच्या नोंदींनुसार, प्राझोसिन येण्यापूर्वी गंभीर दंशाचे शंभरातले तीस ते चाळीस रुग्ण दगावत. नंतर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. पुढे महाडला उभ्या राहिलेल्या त्यांच्या रुग्णालयात आणि कोकणातल्या आरोग्य केंद्रांत ही गोळी नेहमीची झाली, आणि उष्ण प्रदेशांतल्या इतर देशांतले डॉक्टरही ती वापरू लागले. २०२२ साली भारत सरकारने डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री दिली.

तरी एक प्रश्न उरलाच होता. प्राझोसिन विषाचा परिणाम रोखतं, पण शरीरात फिरणारं विष तसंच राहतं. विषालाच निष्प्रभ करायचं तर प्रतिविष हवं, आणि ते ग्रामीण दवाखान्यात तयार होत नाही. त्यासाठी परळचा दरवाजा ठोठावावा लागतो.

परळची ही संस्था जन्मली प्लेगच्या साथीतून. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातल्या खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९०६ साली तिचं नाव बॉम्बे बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी झालं आणि १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. प्लेगची लस, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस आणि सर्पविषावरचा उतारा यांसाठी महाराष्ट्रातले दवाखाने या संस्थेकडे पाहत आले. १९७५ साली औषधनिर्मितीसाठी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ वेगळं काढण्यात आलं.

सापाच्या विषावरचा उतारा आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतो. विंचवावर तो अजिबात चालत नाही. लाल विंचवासाठी स्वतंत्र प्रतिविष लागतं. ते तयार करण्याची पद्धत अशी : जिवंत विंचवांना विजेचा अगदी सौम्य झटका देऊन विष गोळा करतात. ते सुकवून, मोजून, घोड्याला अगदी थोड्या आणि वाढत जाणाऱ्या मात्रेत टोचतात. घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्तद्रव काढतात, तो शुद्ध करतात, त्यातले कामाचे अंश वेगळे करून गोठवून सुकवतात आणि कुपीत भरतात. प्रत्येक घाण्याची ताकद तपासल्याशिवाय कुपी बाहेर जात नाही. सूक्ष्मजीवशास्त्राची शिस्त इथे कामाला येते. जंतुविरहित हाताळणी आणि प्रमाणित चाचणी यांशिवाय हे औषध रुग्णाच्या शिरेत सोडण्याच्या लायकीचं होत नाही. हाफकिन महामंडळाने विंचवावरचं असं प्रतिविष तयार केलं.

आता प्रश्न उलट दिशेनं आला. प्रयोगशाळेत चालणारं प्रतिविष खाटेवरच्या रुग्णाला खरंच उपयोगी पडतं का? जगात यावर मतभेद होते. ट्युनिशियात आठशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या अभ्यासात प्रतिविषाचा फायदा दिसला नाही. पण त्यात सौम्य दंशाचे रुग्ण बहुसंख्य होते. अमेरिकेतल्या अॅरिझोनात गंभीर लक्षणं असलेल्या १५ मुलांवरचा छोटा अभ्यास २००९ साली आला. त्यात प्रतिविष मिळालेली आठही मुलं चार तासांत लक्षणमुक्त झाली, तर ते न मिळालेल्या सातांपैकी एकच. मात्र तो विंचू वेगळा, विषही वेगळं.

लाल विंचवापुरतं उत्तर महाडने दिलं. विषाची लक्षणं अंगभर दिसू लागलेल्या, पण हृदय आणि फुप्फुसं अजून निकामी न झालेल्या ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिनसोबत प्रतिविष. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८ होते, दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ पहिल्या गटात १७.७ तास, दुसऱ्यात ८ तास. बावस्कर दांपत्याचा हा अभ्यास २०११ साली ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झाला. जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निघणाऱ्या औषधाचा कस एका तालुक्याच्या गावात लागला, आणि जगाने तो निकाल वाचला.

या इतिहासातून महाड-पोलादपूरने घ्यायचा अर्थ स्पष्ट आहे. संदर्भ प्रयोगशाळा दूर असली तर चालतं, पण तिच्याशी असलेलं नातं तुटून चालत नाही. हे विंचवापुरतं नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुरानं महाड बुडालं, त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. असा पूर ओसरला की आरोग्य खात्याला धास्ती असते लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या मुतातून चिखलात आलेला हा जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. पहिल्या दिवसांत तो साध्या तापासारखा, डेंग्यूसारखा किंवा काविळीसारखा भासतो. खात्रीची चाचणी करायची तर जिवंत जंतू जोपासणारी प्रयोगशाळा आणि काही दिवसांच्या अंतराने घेतलेले रक्ताचे दोन नमुने लागतात. अशा चाचणीसाठी देशाची संदर्भ प्रयोगशाळा पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) आहे. तिथून निकाल येईपर्यंत रुग्ण थांबू शकत नाही. म्हणून लक्षणं पाहून लगेच डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन सुरू करणारा डॉक्टर हवा, आणि त्याच वेळी नमुना नीट घेऊन, थंड ठेवून, नावनोंदणीसह पुढे पाठवणारा तंत्रज्ञही हवा. त्या नमुन्यामुळे पुढच्या पुराच्या वेळी तालुक्याला आपला शत्रू ओळखीचा असतो.

बिरवाडीच्या वहीत लिहिलेल्या वेळा जगभर वाचल्या गेल्या, कारण त्या अचूक होत्या. आजही तेच लागू आहे. लाल विंचू चावला तर दंशाची वेळ लक्षात ठेवा. दोरी बांधू नका, जखम कापू नका, विंचू उतरवण्यात तास घालवू नका. कळ कमी झाली तरी घाम, उलटी किंवा गार हातपाय दिसले की थेट आरोग्य केंद्र गाठा. आणि दंश होण्याची वाट न पाहता एकदा आपल्या गावच्या केंद्रात जाऊन विचारा : प्राझोसिनच्या गोळ्या आणि विंचवावरच्या प्रतिविषाच्या कुप्या आज कपाटात आहेत का? नसतील तर ग्रामसभेत तो विषय मांडा आणि त्या येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.