बापू नाडकर्णी : २१ मेडनच्या पलीकडे

आजचा भाग म्हणजे खरं तर एक दुरुस्ती आहे. मध्यंतरी क्रिकेटमधल्या अजब विक्रमांवर बोलताना मी बापू नाडकर्णींना दीड मिनिटात उरकलं होतं. "सलग २१ मेडन! आज आयपीएलमध्ये असते तर प्रेक्षक झोपले असते," असा विनोद मारला आणि पुढे गेलो. रात्री आजोबांचा फोन आला. "ऐकलं तुझं. बापूंचं एवढंच ठाऊक आहे तुला?" आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी पडलो इंजिनिअर. वाद झाला की आधी आकडे काढतो. तेच केलं, आणि आता मला माझे शब्द मागे घ्यायचे आहेत.

आधी तो प्रसिद्ध दिवस. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. बापू डावखुरे फिरकी गोलंदाज, जन्म नाशिकचा. त्या डावात त्यांनी ३२ ओव्हर टाकल्या, २७ मेडन, ५ रन, विकेट शून्य. मध्ये सलग १३१ चेंडूंवर एकही रन नाही. क्विझमध्ये इथेच थांबतात. मीही थांबलो होतो. पण त्याच डावाचं स्कोअरकार्ड जरा खाली वाचा. चंदू बोर्डे : ५ विकेट. एका बाजूने धावाच निघत नसतील तर फलंदाज दुसऱ्या बाजूला हात मोकळे करायला जातो. या पाच विकेट बोर्ड्यांच्याच, त्यांचं श्रेय काढून घ्यायचं नाही. पण बापूंच्या त्या शून्याकडे बघताना हा दुसरा आकडाही शेजारी ठेवायला हवा.

आता पूर्ण कारकीर्द. ४१ टेस्ट, ८८ विकेट, सरासरी २९.०७, इकॉनॉमी १.६७. इकॉनॉमीचं कौतुक सगळे करतात. मला थांबवलं ते सरासरीने. आपल्या गाजलेल्या फिरकीपटूंशी ताडून पाहा : बेदी २८.७१, चंद्रशेखर २९.७४, प्रसन्ना ३०.३८. म्हणजे बापू बेदींच्या जवळपास आणि बाकी दोघांच्या पुढे! या तिघांना आपण दिग्गज म्हणतो, आणि बापूंना "तो मेडनवाला".

आता तुम्ही म्हणाल, थांब जरा. एकेका विकेटला त्यांना सरासरी १०४ चेंडू लागले, त्याचं काय? आक्षेप बरोबर आहे. बेदींना साधारण ८० लागायचे. एकट्याच्या जोरावर मॅच फिरवणारा गोलंदाज म्हणून बेदी, प्रसन्ना, चंद्रा वरचढच. दुसरा आक्षेप, त्या काळी सगळेच सावकाश खेळायचे. हेही खरं. त्या मद्रासच्या डावात बोर्ड्यांनाही ओव्हरमागे दीड रनसुद्धा पडले नव्हते. पण मग कारकिर्दीची इकॉनॉमी बघा. बेदी २.१४, प्रसन्ना २.४०, बापू १.६७. त्यांच्या अचूकतेबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात : नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून ते त्यावर चेंडू टाकायचा सराव करत.

आणि "रन अडवतो, विकेट काढत नाही" हे तर साफ खोटं. त्याच १९६४च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच मद्रासमध्ये बॉब सिम्प्सनचा ऑस्ट्रेलिया आला. बापूंनी पहिल्या डावात ३१ रनमध्ये ५ आणि दुसऱ्यात ९१ रनमध्ये ६ विकेट काढल्या. एका टेस्टमध्ये ११! भारत ती टेस्ट हरला, म्हणून ते ११ कुणाच्या लक्षात नाहीत. जानेवारीतला शून्य मात्र सगळ्यांना पाठ.

बॅटिंगचं तर मी नावच घेतलं नव्हतं. १९५५ मध्ये दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध पहिली टेस्ट, विकेट एकही नाही, पण नाबाद ६८. मेडनवाल्या त्याच मालिकेची शेवटची टेस्ट कानपूरला होती. भारतावर फॉलोऑन आला. बापू पहिल्या डावात नाबाद ५२, दुसऱ्यात नाबाद १२२. टेस्ट वाचली. म्हणजे ज्या मालिकेमुळे आपण त्यांना "कंटाळवाणा बॉलर" ठरवलं, त्याच मालिकेत त्यांनी बॅटने सामना वाचवला होता. प्रथम श्रेणीत तर ८,८८० रन, सरासरी चाळिसाच्या वर, आणि ५०० विकेट. रणजीत मुंबईकडून दिल्लीविरुद्ध नाबाद २८३. अशा खेळाडूला आज आपण सरळ ऑलराउंडर म्हटलं असतं.

शेवट १९६८चा न्यूझीलंड दौरा. परदेशात भारताने जिंकलेली पहिली टेस्ट मालिका, ३-१. वेलिंग्टनच्या टेस्टमध्ये अजित वाडेकरांनी १४३ केल्या, त्यांचं एकमेव टेस्ट शतक. आणि न्यूझीलंडच्या दुसऱ्या डावात ४३ रनमध्ये ६ विकेट कुणी काढल्या? चौतिशीतल्या बापूंनी. कारकिर्दीतली सर्वोत्तम गोलंदाजी. त्यानंतर ऑकलंडची टेस्ट जिंकून ते कसोटी क्रिकेटमधून बाहेर पडले.

१७ जानेवारी २०२०ला बापू गेले. तेव्हा सुनील गावसकरांनी आठवण सांगितली होती, की असिस्टंट मॅनेजर म्हणून दौऱ्यावर असताना "छोडो मत" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. अडचण आली तरी चिकटून राहा. बातम्यांचे मथळे मात्र पुन्हा २१ मेडनचेच.

हे सगळं जमवून मी आजोबांना फोन केला. सरासरी, इकॉनॉमी, कानपूर, वेलिंग्टन, सगळं धाडधाड वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आकडे नव्हते रे आमच्याकडे. रेडिओ होता. नाडकर्णी गोलंदाजीला आला असं कानावर पडलं की मी चहा टाकायला उठायचो. तेवढ्या वेळात काही बिघडणार नाही, याची खात्री असायची."

माझ्या एक्सेलमध्ये यासाठी कॉलम नव्हता. बापू, माफ करा. दीड मिनिट फारच कमी होतं.