अखाद्य पोटात जाते कसे?

मार्च २०२४ मध्ये दिल्लीशेजारच्या गुरुग्राम शहरात काही मंडळी एका उपाहारगृहात जेवली. जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून त्यांच्यापुढे पांढरे खडे आले. ते तोंडात टाकताच आग झाली आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. ते खडे कोरड्या बर्फाचे, म्हणजे 'ड्राय आइस'चे निघाले. पोलिसांनी मॅनेजरला अटक केली.

'तोंडात घालण्यापूर्वी माणसे पाहत नाहीत काय?' असे पुष्कळांनी विचारले. प्रश्न रास्त वाटतो. पण इतिहासाला विचारला तर उत्तर निराळे येते. अखाद्य वस्तू गिळली जाते ती पुष्कळदा गिळणाराच्या मूर्खपणामुळे नव्हे. वस्तू काय आहे हे कोणाला तरी ठाऊक असते, आणि ते गिळणारापर्यंत पोचलेले नसते. आम्हांला आज मांडावयाचे आहे ते एवढेच.

प्रथम कोरड्या बर्फाविषयी. याचा पाण्याशी संबंध नाही. आपण श्वासावाटे जो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, तोच गोठवून हा बनतो. तिलोरिये या फ्रेंच संशोधकाने १८३५ साली तो प्रथम बनविला. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत त्याचा व्यापार सुरू झाला. त्याचे तापमान शून्याखाली सुमारे ७८ अंश. तो वितळत नाही, थेट वायू होतो. एका किलोपासून ५०० लिटरांहून अधिक वायू निघतो. म्हणून गिळल्यास घात दुहेरी होतो: थंडीने घसा व जठर भाजतात, आणि कोंडलेल्या वायूने जठर फाटू शकते. आइस्क्रीमच्या पेटीत हा उपयोगी, ताटात घातक. कामानिमित्त तो हाताळणारे जाड हातमोजे घालतात, ते उगीच नव्हे.

आता लंडनला चला. शहराच्या पूर्वेस बो येथे ब्रायंट अँड मे कंपनीचा काड्यापेट्यांचा कारखाना होता. काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे. त्याने जबड्याचे हाड सडते, हे व्हिएन्नाच्या लोरिन्झर या डॉक्टरांनी १८४५ मध्येच लिहून ठेवले होते. तरीही चाळीस वर्षांनंतर बोच्या मुली कामाच्या जागीच पाव खात होत्या, आणि पावाबरोबर फॉस्फरसही पोटात जात होता. पुढे १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या ॲनी बेझंट यांनी या मुलींची दैना छापून आणली. जुलै १८८८ मध्ये सुमारे १४०० कामगारांनी संप केला. तडजोडीत दंडाची पद्धत बंद झाली, आणि आणखी एक गोष्ट मिळाली: जेवायला निराळी खोली. मागणी किती साधी! पण विष आणि घास यांच्यामध्ये एक भिंत उभी राहावी यासाठी संप करावा लागला. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर आपल्या देशात बंदी घालणारा कायदा झाला तो १९१३ साली.

तिसरी हकीकत अमेरिकेतील. न्यू जर्सीतील ऑरेंज येथे १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमच्या रंगाने आकडे काढीत, म्हणजे ते अंधारात चमकत. रेषा बारीक यावी म्हणून मुलींनी ब्रशचे टोक ओठांत धरून जुळवावे, अशी शिकवण होती. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगितले होते. त्याच कंपनीचे रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या पडद्याआडून व चिमट्याने रेडियम हाताळीत. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत साठविते. मुलींचे दात पडले, जबडे झिजले, काही दगावल्या. कंपनीनेच बोलाविलेल्या ड्रिंकर या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये कंपनीला प्रतिकूल अहवाल दिला; कंपनीने तो दडपून सरकारी कामगार खात्याकडे भलतेच कळविले. ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या, तेव्हा १९२८ मध्ये प्रत्येकीला दहा हजार डॉलर व सालाना ६०० डॉलर देण्याची तडजोड झाली. मोडलेले शरीर मात्र कोणत्याही तडजोडीने परत मिळत नाही.

गुरुग्राममध्ये कोणी कट केला असे आम्ही म्हणत नाही. लबाडी आणि हयगय या दोन गोष्टी वेगळ्या, आणि त्यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नव्हे. पण गिळणाराच्या पोटाला हा फरक कळत नाही. बर्फ विकणाराला तो काय आहे हे ठाऊक असते. तेथून स्वयंपाकघर, वाढपी आणि पाहुणा अशा वाटेने माल पुढे जातो, माहिती मागे राहते. शेवटी दोष येतो तो बहुधा सर्वांत कमी पगाराच्या माणसावर.

उपाय अवघड नाहीत. पेटीवर मराठीत, ठळक अक्षरांत 'खाऊ नये' असे लिहावे. ती खाद्यपदार्थांपासून दूर ठेवावी. वाढप्याला आधी शिकवावे, मग वाढायला सांगावे. लग्नमंडपात या बर्फाचा धूर सोडणारांनी उरलेले तुकडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. कोणी गिळलाच, तर मुद्दाम उलटी करवू नये. थेट इस्पितळ गाठावे. आणि कामगाराने 'हे काय आहे?' असे विचारले, तर त्याला उद्धट ठरवू नये. बो आणि ऑरेंज येथे हा प्रश्न वेळेवर विचारता आला असता आणि त्याला खरे उत्तर मिळाले असते, तर कित्येक जबडे शाबूत राहिले असते.