वाडीत न मावणारा जेसीबी, आणि एका टर्की कोंबडीवाल्याची गोष्ट

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

परवा आळीतला एक मुलगा दोन कोटेशनं घेऊन घरी आला. पडलेली, वाळलेली झाडं काढून नेण्याचा धंदा सुरू करायचाय. एक कोटेशन सेकंडहँड जेसीबीचं. दुसरं छोटा लोडर आणि मागे ओढायच्या ट्रेलरचं. बँकेचं कर्ज, त्यात घर तारण. "काका, तुम्ही पेपरवाले, सांगा काय घेऊ?" मला यंत्रातलं काय कळतं? पण रात्री वाचत बसलो आणि यात इतका इतिहास निघाला की म्हटलं तुम्हालाही सांगावा.

सुरुवात ३ जून २०२०. निसर्ग वादळ आपल्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर आलं, त्याचं वर्णन तुम्हाला काय सांगायचं! वादळ काही तासांत गेलं, पण खोडं मात्र वाड्यांत महिनोन्‌महिने पडून होती. रस्त्यावरची झाडं दोन-चार दिवसांत बाजूला झाली, कारण रस्त्यावर जेसीबी येतो. वाडीत येत नाही. जेसीबीची रुंदी सात फुटांच्या आसपास, वजन सात टनांच्या वर. आपल्या पाणंदी आजे-पणज्यांनी डोक्यावर भारा घेतलेला माणूस आणि फार तर एक बैल जाईल एवढ्या ठेवलेल्या. काहींनी जेसीबी आत घ्यायला गडगे पाडले. मशीन आत आलं, खोडं निघाली, पण शिंपण्याचे पाट गेले आणि उभ्या राहिलेल्या पोफळींच्या मुळांवरून चाकं गेली. मदत जाहीर झाली हेक्टरी ५० हजार. आमच्या आळीत कित्येकांचा त्याहून जास्त पैसा फक्त साफसफाईत गेला. बाकीच्यांनी खोडं तिथेच कुजू दिली, मग त्यात भुंगा झाला आणि तो उरलेल्या माडांवर चढला.

तेव्हा प्रश्न झाड तोडण्याचा नाहीच. तोडायला चेनसॉ आहे, तासाभराचं काम. तोडलेलं बाहेर काढायचं कसं, हा खरा प्रश्न आहे आणि तो जुना आहे.

दर ५ जूनला आज्ञापत्रातला झाडांविषयीचा उतारा सगळ्यांच्या स्टेटसवर फिरतो. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेला. आंबा-फणस तोडू नका, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, एवढंच आपण वाचतो. पण हा उतारा आरमाराच्या प्रकरणातला आहे. जहाजांना लाकूड हवं होतं, ते कुठून आणि कसं आणायचं याचा तो हुकूम आहे. झाड अगदी जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं, हेही त्यात आहे. म्हणजे व्यवहार होता, आणि त्याला नियम होते. १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड कायदा बघा, परवानगीच्या यादीत साग आहे तसे आंबा-फणसही आहेत. (त्या मुलाला पहिला सल्ला हाच दिला: मशीन नंतर, आधी परवानगीचे कागद आणि लाकूड वाहतुकीचा पास समजून घे.)

ते लाकूड तेव्हा पाण्याने जायचं. ओंडका खाडीपर्यंत माणसं आणि बैल ओढणार, पुढे मचवा. गडचिरोलीकडे आलापल्लीच्या सागवानाला हत्ती लावले होते, कमलापूरचा हत्ती कॅम्प त्यातूनच उरलेला. आपल्याकडे हत्ती कुठले? आपल्याकडे दोरखंड, पहार आणि चार माणसांच्या पाठी. माझ्या लहानपणी वखारीत ओंडके चढवणारे गडी बघितलेत, चाळिशीत वाकलेले. मग रबरी टायरची बैलगाडी आली, मग ट्रॅक्टर-ट्रॉली. वाहतूक सुधारली, पण ओंडका ट्रॉलीवर चढवायचा तो पाठीनेच.

आता मजा बघा. ज्याच्या नावाने आपण कुठल्याही पिवळ्या मशीनला हाक मारतो त्या जोसेफ सिरिल बॅमफर्डने धंदा सुरू केला तो खोदकामाच्या मशीनने नाही, ट्रेलरने! ऑक्टोबर १९४५, इंग्लंडमधलं उटॉक्सिटर गाव, भाड्याचं छोटं गॅरेज. महायुद्ध नुकतंच संपलेलं. लष्कराच्या भंगारातून त्याने टिपिंग ट्रेलर जोडला आणि बाजारात ४५ पौंडांना विकला. वर गिऱ्हाइकाची जुनी गाडी घेतली, दुरुस्त केली आणि तीही ४५ पौंडांना विकली. धंदेवाईक माणूस. पुढे लोडर आणि मागे खोदायचा हात असलेलं मशीन १९५३ सालचं. भारतात १९७९ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडला कारखाना निघाला. पण ते मशीन माती खोदायला आणि मोकळ्या जागेत चालायला बनलंय. त्याचा दोष नाही. आपण त्याला पोफळींच्या रांगेत घालतो हा आपला दोष.

छोट्या लोडरची गोष्ट वेगळ्याच गरजेतून सुरू होते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचं खेडं. तिथे एडी व्हेलो नावाचा टर्की कोंबड्या पाळणारा शेतकरी. त्याच्या खुराड्यात जागोजागी खांब. ट्रॅक्टर आत फिरेना, शेण उपसायला माणसं मिळेनात (ओळखीचं वाटतंय ना?). तो गावातल्या सिरिल आणि लुई केलर या लोहारकाम करणाऱ्या भावांकडे गेला. त्याला हवं होतं खांबांभोवती वळेल आणि माळ्यावर चालेल इतकं हलकं मशीन. केलर बंधूंनी तीन चाकांचं यंत्र बनवलं, पुढची दोन चाकं चालवणारी, मागे खुर्चीला असतं तसं फिरतं एक चाक. फेब्रुवारी १९५७ मध्ये ते व्हेलोकडे पोचलं. दोन्ही चाकांना ताकद वेगवेगळी, त्यामुळे यंत्र जागच्या जागी गरकन वळायचं. पुढे शेजारच्या नॉर्थ डकोटातल्या मेलरो कंपनीने हक्क घेतले, १९६० ला चार चाकांचं मॉडेल आलं आणि १९६२ ला त्याला बॉबकॅट, म्हणजे रानमांजर, हे नाव पडलं.

त्याच १९५७ साली आयोवातल्या व्हरमीर कंपनीने झाडाचे बुंधे कुरतडून काढणारं मशीन आणलं. हा योगायोग नव्हे. युरोपातून आलेल्या ओंडक्यांबरोबर एक बुरशी अमेरिकेत शिरली होती, १९३० पासून ती एल्म झाडं मारत सुटली. रस्तोरस्ती मेलेली झाडं, आणि ती लवकर काढली नाहीत तर लाकडातले किडे रोग पुढे नेणार. त्या मढ्यांतून झाडं काढण्याचा धंदा तिथे वाढला. आपल्याकडे भुंग्याने केलं तेच. फरक एवढाच की तिथे कामाला बेताचं यंत्र तयार झालं, आपल्याकडे गडगे पाडले गेले.

आता त्या मुलाचं गणित. आम्ही दोघांनी कागदावर मांडलं. ओलं लाकूड ढोबळमानाने पाण्याइतकं जड धरा. एक फूट व्यासाच्या माडाचा सहा फुटांचा तुकडा साधारण सव्वाशे किलो. चार माणसांचं ओझं, छोट्या लोडरला किरकोळ. पण तीन फूट व्यासाच्या आंब्याचा तेवढाच तुकडा टनाच्या वर जातो. तिथे छोटा लोडर नाक घासेल, क्रेन भाड्याने आणावी. आणि कॅटलॉगमधला आकडा नीट वाचावा. चाकांच्या लोडरची क्षमता म्हणजे तो ज्या वजनाला पुढे कलंडतो त्याच्या निम्मी. विक्रेता कलंडण्याचा आकडा मोठ्या अक्षरात सांगेल, निम्मा आपण विचारायचा.

दुसरं म्हणजे जागेवर गरकन वळणारं मशीन जमीन खरवडतं. रेताड वाडीत ते पाट उखडणार. कंबरेतून वळणारे लहान लोडरही मिळतात, फिनलंडची अवांत कंपनी १९९१ पासून बनवते. वळायला थोडी जास्त जागा घेतात पण जमीन राखतात. माझं मत विचाराल तर वाडीसाठी हेच. फक्त सुटे भाग कुठे मिळतात आणि मेकॅनिक किती तासांत येतो हे लेखी घ्यायचं.

ट्रेलरबाबत मात्र मी जरा कडक बोललो. आपल्याकडच्या कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. सपाटीला चालून जातं. घोणसे घाट उतरताना ओल्या लाकडाने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, तेव्हा काय होतं ते मी बातमीदार म्हणून पाहिलंय, आणि त्या बातम्यांत ड्रायव्हरचं वय बहुतेक वेळा पंचविशीच्या आतलं लिहिलंय. ब्रेकवाला, बुटका ट्रेलर घे. बुटका असला की लोडर त्यावर चढतो, ओंडकाही कमी उचलावा लागतो. भरताना जड बाजू थोडी पुढे, एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के हूकवर येईल अशी. सगळं मागे टाकलं की हूक उचलला जातो आणि ट्रेलर शेपटीसारखा झुलतो. मागे रिफ्लेक्टर, आणि ओंडक्यांवर माणसं बसवायची नाहीत. एकही नाही.

मुलगा म्हणाला, "पण काका, जेसीबी असला की पाया खोदायची कामं पण मिळतात." खरंय. तालुक्यात जेसीबी किती आहेत ते मोज म्हटलं, आणि सात फुटांच्या आतल्या पाणंदी किती आहेत तेही मोज.

काल संध्याकाळी तो टेप घेऊन आला. आमच्या आळीतून समुद्राकडे जाणारी पाणंद आम्ही बेड्यापासून मोजत गेलो. रुंद जागी साडेपाच फूट, विहिरीपाशी गडगा आत आलाय तिथे तीन फूट दहा इंच. तुमच्या वाडीकडे जाणाऱ्या वाटेचं माप असेल तर खाली लिहा, कोटेशनवर सही करण्याआधी त्याला यादी हवी आहे.