नर्सिंग होम की वृद्धाश्रम? निवडीपूर्वी हे तपासा

घोटी : मुलगा मुंबईत, मुलगी नाशिकला आणि आईवडील गावी, हे चित्र इगतपुरी तालुक्यातील घोटीसारख्या बाजारपेठेच्या गावांत नवे राहिलेले नाही. आईवडील हिंडतेफिरते असतात तोवर ही घडी टिकते. अर्धांगवायू, खुब्याचे हाड मोडणे किंवा स्मृतिभ्रंश उद्भवला, की 'आता यांना कोठे ठेवायचे' हा प्रश्न रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशीच उभा राहतो. असा निर्णय घाईत होऊ नये, यासाठी काही बाबी आधीच समजून घेणे आवश्यक आहे.

नावावर जाऊ नये

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे छोटे खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह. १९४९ च्या कायद्यानुसार त्याची नोंदणी बंधनकारक आहे. तेथे उपचार होतात. वर्षानुवर्षांचा मुक्काम अभिप्रेत नसतो. वृद्धाश्रम हे मुळात निवासस्थान असून, स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देण्याकडे अनेक संस्थांचा कल असतो. अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणारी केंद्रे ही तिसरी व्यवस्था. म्हणूनच पहिला प्रश्न असा विचारावा : आज चालत आलेली आई उद्या अंथरुणाला खिळली, तर तिला ठेवून घेणार की घरी पाठवणार? उत्तर लेखी घ्यावे.

अंतराचा हिशेब

निसर्गरम्य परिसर ही जाहिरातीतील बाब झाली. रात्री दोन वाजता धाप लागल्यास कोठे नेणार, हे महत्त्वाचे. घोटी परिसरात ग्रामीण रुग्णालय आहे आणि धामणगाव येथे एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. नाशिक सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. संस्थेचे कोणत्या रुग्णालयाशी संधान आहे व वाहन कोणाचे, हे विचारावे. हा तालुका मुसळधार पावसाचा. त्यामुळे खोल्यांतील ओल, पावसाळ्यातील रस्ता आणि वीज गेल्यावर प्राणवायूचे यंत्र कशावर चालणार, याची खात्री करावी. नातेवाइकांना दर आठवड्याला जाता येईल असे ठिकाण दूरच्या देखण्या इमारतीपेक्षा केव्हाही बरे.

पाहणी कशी करावी?

दुसरी भेट न कळवता, जेवणाच्या वेळी किंवा सायंकाळी द्यावी. रात्रपाळीला किती माणसे असतात, त्यांत प्रशिक्षित परिचारिका आहे का, औषधांची नोंदवही रोज भरली जाते का, हे पाहावे. संडास-न्हाणीत धरायला दांडे आहेत का, फरशी निसरडी आहे का, अंथरुणावरील रुग्णांची कूस किती तासांनी बदलतात, याचीही चौकशी करावी. पाठीवरील जखमा व ओल्या कपड्यांचा वास पुष्कळ काही सांगून जातात.

खर्च आणि करार

मासिक शुल्कात काय येते व काय येत नाही, याची यादी मागावी. औषधे, डायपर, स्वतंत्र आया, फिजिओथेरपी यांचा खर्च बहुधा वेगळा असतो. अनामत कधी व किती परत मिळेल, रुग्णालयात दाखल असतानाच्या दिवसांचे शुल्क घेतले जाईल का, हे करारात हवे. ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे कवच मिळाले आहे. मात्र ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, आश्रमातील निवासासाठी नव्हे.

कायद्याचा आधार

आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा २००७ मध्ये झाला. त्यानुसार उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. ज्येष्ठाला सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने त्याला सोडून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खर्चासाठी गावचे घर वा शेत मुलाच्या नावे करण्याचा विषय निघतोच. अशा वेळी सांभाळण्याची अट दस्तात स्पष्ट लिहावी. ती पाळली न गेल्यास न्यायाधिकरण हस्तांतर रद्द ठरवू शकते. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे.

एवढे सारे तपासल्यावरही एक संमती उरते, ती ज्याला तेथे राहायचे आहे त्याची. प्रवेशापूर्वी आईला किंवा वडिलांना जागा दाखवावी, शक्य असल्यास आठ दिवस राहू द्यावे आणि त्यांनी नको म्हटल्यास कारण ऐकून घ्यावे. कागदोपत्री निर्दोष ठरलेल्या संस्थेतील उणीव अनेकदा त्यांच्याच नजरेस आधी पडते.