मऊ हाड आणि कृत्रिम दांताचें मूळ

दांत पडला म्हणजे कवळी बसवावी, हा उपाय घरोघरीं परिचित आहे. परंतु कवळी हिरडीवर टेकलेली असते. तिला मूळ नसतें. जबड्यांत नवें मूळ रोवावें, ही कल्पना मात्र जुनी आहे. होंडुरास देशांत १९३१ सालीं सुमारें चौदाशें वर्षांपूर्वींचा एक जबडा सांपडला. त्यांत शिंपल्याचे दांतासारखे तीन तुकडे बसविलेले होते.

या विद्येला शास्त्राचें रूप आलें तें एका अडचणींतून. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्यें ब्रोनेमार्क हे सशाच्या पायाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठीं बसविलेली टायटॅनियमची नळी प्रयोगानंतर निघेना. हाडानें ती आपलीशी केली होती. १९६५ सालीं त्यांनीं त्याच धातूचीं मळसूत्रें प्रथम एका मनुष्याच्या खालच्या जबड्यांत बसविलीं; तीं चाळीस वर्षें टिकलीं. १९८२ च्या टोरोंटो येथील परिषदेनंतर ही रीत जगभर पसरली.

पण सर्वांचीं हाडें सारखीं नसतात. हनुवटीजवळचें हाड शिसवीसारखें टणक, तर वरच्या दाढांमागचें पांगाऱ्याच्या लाकडासारखें भुसभुशीत. लेकहोल्म आणि झार्ब यांनीं १९८५ सालीं हाडाचे चार वर्ग सांगितले. पुढें १९९१ सालीं जॅफिन आणि बर्मन यांनीं आपला पांच वर्षांचा हिशेब निःसंकोचपणें मांडला: पहिल्या तीन वर्गांत शेंकडा ३ मळसूत्रें निकामी झालीं, तर चौथ्या, अतिमऊ वर्गांत शेंकडा ३५!

असें कां व्हावें? हाड धातूला चिकटण्यास कांहीं महिने लागतात. तोंवर सारी भिस्त निव्वळ यांत्रिक पकडीवर असते. मळसूत्र सुमारें ०.१५ मिलिमीटरहून अधिक हालत राहिलें, कीं त्याभोवतीं हाडाऐवजीं तंतुमय पडदा वाढतो, आणि सारे श्रम वायां जातात.

मऊ लाकडांत मळसूत्र पिळतांना सुतार काय करतो? भोंक अंमळ लहान पाडतो आणि खोल आट्यांचें मळसूत्र घेतो. दंतवैद्यहि त्याच वाटेनें गेले. मळसूत्राचें टोंक निमुळतें केलें. तें आंत शिरतांना भोंवतालचें हाड दाबून घट्ट करतें. आटे खोल केले. त्यामुळें विरळ हाडाशींहि स्पर्श वाढतो. १९९४ सालीं समर्स यांनीं तर हाड कोरून काढण्याऐवजीं हत्यारानें बाजूस दाबण्याची रीत सांगितली. मात्र दाब अति झाला तर हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तें मरतें. म्हणून १९९६ सालीं मेरेडिथ व त्यांचे सहकारी यांनीं कंपनांवरून हा घट्टपणा मोजण्याची युक्ति प्रसिद्ध केली, तिचें महत्त्व मोठें आहे.

ब्रोनेमार्क यांच्या मूळ रीतींत खालच्या जबड्याला सुमारें तीन महिने आणि वरच्याला सहा महिने विश्रांति असे. मळसूत्राची घडण सुधारल्यामुळें कित्येकांची ही प्रतीक्षा आज कमी झाली आहे. तरीहि वरच्या दाढेसाठीं दंतवैद्य "थोडें थांबा" म्हणाले, तर ती चालढकल समजूं नये. हाडाला त्याचें काम करूं देण्याचा तो अवधि होय.