माउसकडून बोटाकडे : एका घरगुती खेळसंग्रहाचें स्थलांतर

सारीपाट कापडाचा असो कीं जमिनीवर खडूनें आंखलेला असो, सोंगट्यांच्या चालींत त्यामुळें कांहीं फरक पडत नाहीं. संगणकावरील खेळाचें तसें नसतें. तेथें पट, सोंगट्या आणि खेळणाऱ्याचा हात, हीं सर्व एकाच यंत्राच्या स्वाधीन असतात. यंत्र बदललें कीं खेळ जागच्या जागीं थबकतो. टेबलावरील संगणकासाठीं कोणी घरच्या घरीं रचलेला खेळ टचस्क्रीन फोनवर नेतांना काय काय करावें लागतें, हें समजून घेण्यास इंग्लंडमधील सायमन टॅटम यांच्या कोड्यांच्या संग्रहासारखें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

टॅटम यांचें नांव संगणकाच्या जाणकारांस अपरिचित नाहीं. दूरच्या यंत्राशीं संधान बांधणारी ‘पुटी’ ही त्यांची आज्ञावली जगभर वापरांत आहे. काम करतां करतां दोनतीन मिनिटें विरंगुळा मिळावा, एवढ्याच माफक हेतूनें २००४ च्या सुमारास त्यांनीं लहान लहान कोडीं रचावयास आरंभ केला. आज त्यांची संख्या चाळिसाच्या आसपास आहे. त्यांत सुडोकू आहे, सुरुंग शोधण्याचा खेळ आहे, गुंतलेल्या रेषा मोकळ्या करण्याचा खेळ आहे.

या संग्रहाच्या जन्मामागें एक साधी तक्रारहि होती. युनिक्स यंत्रावर आवडलेला खेळ, विंडोजच्या यंत्रापुढें बसावें तों हाताशीं नसे. आणि उलटहि तेंच. म्हणून टॅटम यांनीं मांडणीच अशी केली कीं, नाटकाच्या भाषेंत सांगावयाचें तर, संहिता, सूत्रधार आणि रंगमंच हीं तीन वेगवेगळीं राहिलीं. संहिता म्हणजे त्या त्या कोड्याचे नियम. सूत्रधार खेळींची नोंद ठेवतो आणि चुकलेली खेळी मागें घेऊं देतो. रंगमंच म्हणजे ज्या यंत्रावर प्रयोग व्हावयाचा त्याच्याशीं बोलणारा भाग. गांव बदललें कीं नाटक मंडळीनें नवा मंडप उभारावा, परंतु संहितेस हात लावूं नये, असा हा बेत होता. शिवाय सर्व लिखाण एमआयटी परवान्याखालीं कोणासहि मोकळें ठेवलें होतें. आयफोन जाहीर झाला तो त्यानंतर, जानेवारी २००७ मध्यें. एका अडचणीसाठीं बांधलेला पूल दुसऱ्याच प्रवाशाच्या उपयोगीं पडावा, तसें येथें झालें.

मंडप उभा राहिला, तरी खेळणाऱ्याचा हात आतां निराळा होता. डग्लस एंगेलबार्ट यांनीं ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें माउस लोकांसमोर आणला, तेव्हांच त्यास तीन बटणें होतीं. टॅटम यांच्या खेळांनीं तीं तिन्ही कामास लावलीं. ‘नेट’ या कोड्यांत डावें बटण चौकोन डावीकडे फिरवितें, उजवें उजवीकडे, आणि मधलें त्यास जागीं पक्कें करतें. बोटास बटणें नाहींत. तें जाड आहे, आणि ज्या वस्तूस स्पर्श करावयाचा नेमकी तीच तें झांकून टाकतें.

‘नेट’चें एका बटणावर निभावतें, उजवीकडे एकदां फिरविण्याऐवजीं डावीकडे तीनदां फिरवावें, म्हणजे झालें. सुरुंगांच्या खेळांत मात्र ही पळवाट नाहीं. तेथें डावें बटण घर उघडतें आणि उजवें धोक्याचें निशाण रोंवतें. दोहोंचे अर्थ अगदीं परस्परविरुद्ध! टचस्क्रीन फोन घरोघरीं पोंचण्यापूर्वीं बारीक काठीनें टोंचून चालवावयाचे खिशांतले संगणक होते. तशा यंत्रांसाठीं टॅटम यांच्या आज्ञावलींत दोन खुणांची सोय आहे. उजव्या बटणावांचून हें कोडें खेळतां येणार नाहीं, ही एक. यास आंकडे लिहावे लागतात, ही दुसरी. पहिली खूण दिसतांच रंगमंचानें उजव्या बटणाचें सोंग एखाद्या हालचालीनें आणावें. दुसरी दिसतांच पडद्यावर आंकड्यांची पाटी मांडावी. पुढें ख्रिस बॉइल यांनीं अँड्रॉइडवर आणि ग्रेग ह्यूगिल यांनीं आयफोनवर हा संग्रह नेला, तेव्हां क्षणभर टेकलेलें बोट म्हणजे डावें बटण आणि दाबून धरलेलें बोट म्हणजे उजवें, असा संकेत रूढ झाला.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. माउसवर दोन हेतूंस दोन जागा होत्या. फोनवर त्यांस दोन कालावधि मिळाले. निशाण लावावयाचें तर थांबावें लागतें, आणि बोट लवकर उचललें गेलें कीं निशाणाऐवजीं घरच उघडतें. त्यांत जागेची टंचाई. फोनची रुंदी साडेसहा सेंटिमीटर धरली, तर ९ घरांच्या पटांत दर घरास सुमारें सात मिलिमीटर येतात. ३० × १६ घरांचा आणि ९९ सुरुंगांचा मोठा पट फोन आडवा धरून मांडला, तरी १६ ओळींच्या वांट्यास चारचारच मिलिमीटर येतात; बोटाचें टोंक तर सेंटिमीटरभर रुंद असतें. टॅटम यांचा पट तर्कानें सुटेल असाच रचलेला असतो, दैवावर कांहीं सोडलेलें नसतें. म्हणून बोटाच्या जाडीनें झालेला स्फोट अधिकच झोंबतो. सूत्रधार खेळी मागें घेऊं देतो, परंतु किती वेळां मरण आलें त्याची नोंद पुसत नाहीं.

ज्यांनीं संहिता आणि मंडप यांची फारकत आधीं केली नव्हती, त्यांची गति कशी झाली, हें अमेरिकेंतील ॲडम सॉल्ट्समन यांच्या ‘कॅनाबाल्ट’वरून दिसतें. २००९ सालीं थोड्या दिवसांत केलेला हा खेळ. एक माणूस इमारतींच्या छपरांवरून धांवत सुटतो, आणि उडी केव्हां मारावयाची एवढेंच खेळणाऱ्यानें सांगावयाचें असतें. एकच बटण, म्हणजे बोटासाठींच जणूं जन्मलेला! तरीहि तो सरळ फोनवर जाईना. तो फ्लॅशच्या आधारें चालणारा, आणि आयफोननें फ्लॅशला कधींच थारा दिला नाहीं. तेव्हां त्याच वर्षीं तो नव्यानें लिहून काढावा लागला. २०१२ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें त्यास आपल्या संग्रहांत स्थान दिलें. पुढें ३१ डिसेंबर २०२० रोजीं ॲडोबीनें फ्लॅशचा आधार काढून घेतला, आणि खेळाचें जन्मरूप नेहमींच्या ब्राउझरमध्यें चालेनासें झालें. फोनवर पोंचलें म्हणजे निभावलें, असेंहि नाहीं. सप्टेंबर २०१७ मध्यें आलेल्या आयओएस ११ नें ३२ बिटांच्या आज्ञावल्या चालविणें बंद केलें. ज्या खेळांस पुन्हां हात लावावयास कोणी उरलें नव्हतें, ते तेथेंच मुके झाले.

टॅटम यांच्या संग्रहाचाहि एक मंडप असाच कोसळला. ब्राउझरमध्यें जावाच्या आधारें हीं कोडीं खेळतां येत. ब्राउझरांनीं तो आधार सोडला, तेव्हां जावास्क्रिप्टचा मंडप पुढें आला. संहिता तीच राहिली. एका ठिकाणीं मात्र कोणत्याहि मंडपाचा इलाज चालत नाहीं. ‘अनटँगल’ या कोड्यांत बिंदू इकडेतिकडे सरकवून रेषांचा गुंता सोडवावयाचा असतो. माउसचा बाण बिंदूच्या कडेस उभा राहतो आणि सर्व रेषा उघड्या दिसतात. फोनवर जो बिंदू हलवावयाचा तोच बोटाखालीं दडतो; खेळणारा त्यास अंदाजानें सरकवितो, बोट उचलून पाहतो, आणि पुन्हां टेकवितो.