मोत्याचं पान

आमच्या मोत्याच्या जेवणावरून घरात दोन तट पडले. चिरंजीवांचं म्हणणं, कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा. त्याला कच्चं मांस आणि कच्ची हाडंच हवीत. सूनबाईंनी बजावलं, "माझ्या फ्रिजात श्रीखंडाशेजारी मांस राहणार नाही. पिशवीतलं कोरडं खाणं आणा, त्यात सगळं मोजूनमापून असतं." सौ. दोघांची नजर चुकवून भाकरी कुस्करून घालत होती. आणि मोत्या? तेरा वर्षांचा तो म्हातारा चार दिवस कशालाच धड तोंड लावत नव्हता.

मी पडलो निवृत्त माणूस. घरात काही सुचेनासं झालं, की मी इतिहासात शिरतो.

ह्या कोरड्या खाण्याचा मूळ पुरुष जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन. 1860 च्या सुमारास हा गृहस्थ लंडनला गेला, तो वीज पडू नये म्हणून इमारतींवर बसवायच्या सळ्या विकायला. गोष्ट अशी सांगतात, की गोदीत जहाजांवरच्या टणक बिस्किटांवर भटकी कुत्री तुटून पडलेली त्याने पाहिली. आपण 'हाड हाड' करून पुढे गेलो असतो. त्याने धंदा काढला! गव्हाचं पीठ, बीट, भाज्या आणि मांस ह्यांचं खास कुत्र्यांसाठी बिस्किट. त्याच्याच पेढीत नोकरी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने 1891 साली लंडनला कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं. त्याच्या नावाने ते आजही भरतं.

पुढे 1922 साली अमेरिकेत डबाबंद घोड्याचं मांस आलं. दुसऱ्या महायुद्धात डब्यांचा पत्रा लढाईकडे गेला आणि कोरडं खाणं पुन्हा गादीवर बसलं. 1957 साली तिथल्या बाजारात यंत्रातून फुगवून काढलेले दाणे आले. आमच्या पिशवीतले त्यांचेच वंशज.

चिरंजीवांचा पक्ष त्या मानाने ताजा. 1993 साली इयन बिलिंगहर्स्ट ह्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने कच्च्या हाडामांसाची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून तो बळावला. कच्च्या मांसातले जंतू घरच्या माणसांनाही बाधतात, हा त्यावरचा आक्षेप. म्हणजे सूनबाईंचं श्रीखंड अगदीच अडाणी नव्हतं.

पण 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी दोन्ही पक्षांची गंमत केली. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या दारचं उष्टं खाऊन लांडग्याचा कुत्रा झाला, तो असा.

हे मी सौ.ला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "त्यासाठी स्वीडन कशाला? नामदेवांच्या कुत्र्याने पोळीच पळवली होती. कोरडी कशी खाईल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले."

मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अहो, त्याला चावता तरी येतंय का, बघा ना."

डॉक्टरांनी मोत्याचा जबडा उघडला. दाढ सुजून लाल झाली होती. चार दिवस आम्ही त्याच्या पानात बघत होतो. तोंडात कोणीच बघितलं नव्हतं. आणि तो बिचारा कोणत्या पक्षाकडे तक्रार करणार?

दाढ काढली. आता ते कोरडे दाणेच कोमट पाण्यात भिजवून देतो. समोर बसून मीही माझं बिस्किट चहात बुडवतो. माझ्याही दाढा गेल्यात. स्प्रॅटसाहेबांना काय वाटेल ते वाटो. आमच्या दोघांचं मस्त चाललंय.